बघवत नाही असा माणूस

'मला तो बघवत नाही.' सिनेमातल्या एखाद्या नटाबद्दल हे वाक्य घरोघर ऐकू येतं. हल्लीची पोरं म्हणतात, 'तो डोक्यात जातो.' आमच्या आयाबाया म्हणायच्या, 'त्याचं त्वांड दिसाय नगं.' अर्थ एकच. पण मी पन्नासेक वर्षं सिनेमा बघत आलोय. आधी जत्रेतल्या तंबूत, मग वाईच्या थेटरात, मग टीव्हीवर आणि आता नातवाच्या मोबाईलवर. त्यावरून माझं मत असं झालंय, की हे वाक्य वरून एकच दिसलं तरी त्याच्या पोटात वेगवेगळी कारणं असतात. रान लांबून सगळंच हिरवं दिसतं. बांधावर उभं राहिलं की पीक कुठलं आणि तण कुठलं ते कळतं.

मी काही समीक्षक नाही. दहावी शिकलेला, पाचगणीच्या अंगाला स्ट्रॉबेरी आणि बटाटा करणारा शेतकरी. पण नट चांगला की वाईट एवढंच बोलून लोक थांबतात, आणि बघणाऱ्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहितोय.

पहिलं नाव निळू फुल्यांचंच घ्यायला पाहिजे. १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी' आला आणि तिथून पुढं कितीतरी वर्षं मराठी सिनेमातला पाटील, सरपंच, चेअरमन, सावकार म्हटला की हाच माणूस. आमच्याकडं थेटर म्हणजे वाई नाहीतर सातारा. पसरणीचा घाट उतरून जायचं, तर परतीची गाडी चुकायची भीती. त्यामुळं घरच्या बायकांना सिनेमा दिसायचा तो जत्रेतल्या तंबूत. एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बायका, बुडाखाली माती, वर कनात आणि बाहेर जनरेटरची धडधड. रीळ बदलताना दिवा लागायचा, तेवढ्यात कोण कुठं बसलंय ते दिसून जायचं.

निळूभाऊ पडद्यावर आले, की बायकांच्या बाजूनं कडाकडा बोटं मोडल्याचा आवाज यायचा. 'आला बघ मुडदा', 'पटकी आली त्याला'. माझी चुलती तर पदर डोळ्यांवर ओढायची आणि शेजारणीला विचारायची, 'गेला का गं त्यो?' गावोगावच्या बायका आपल्याला शिव्या घालतात, हे निळूभाऊंनाही ठाऊक होतं, आणि ती आपल्या कामाची पावती आहे असं ते धरून चालायचे.

आता बघा, त्यांनी पडद्यावर केलं काय? आरडाओरडा केला नाही. आवाज खाली, घशातून निघालेला, खरखरीत. डोळे अर्धे मिटलेले. मान जराशी कलती. बाईकडं बघताना घाई नाही. आज नाही तर उद्या, जाते कुठं, असं बघणं. हिंदीतला व्हिलन पिस्तूल काढायचा, अड्ड्यावर राहायचा, त्याच्या पाठीमागं लाल-पिवळे दिवे लागायचे. आमच्या बायकांना त्याची भीती वाटत नव्हती, कारण तसला माणूस पाचगणीच्या बुधवारच्या बाजारात कधी दिसला नव्हता. निळूभाऊंचा माणूस रोज दिसायचा. सोसायटीच्या कर्जाला सही त्याची. पोराच्या नोकरीला चिठ्ठी त्याची. बांधाचं भांडण गेलं तर निवाडा त्याचा. असल्या माणसाला पिस्तूल लागत नाही. 'ये की घरला' एवढं म्हणाला तरी समोरच्याच्या पोटात गोळा येतो. निळूभाऊंनी ते नेमकं धरलं होतं. जुलूम करणारा माणूस बहुतेक वेळा हळू बोलतो, हे मराठी सिनेमाला त्यांनी दाखवलं.

आमच्या पट्ट्यातही असा एक होता. नाव लिहीत नाही. त्याच्या रानात खुरपायला बायका एकट्या जात नसत, दोघी-तिघी मिळून जात. का, ते कुणी बोलत नसे. तोच माणूस जत्रेत तंबूच्या आत पुढं खुर्ची टाकून सिनेमा बघायला बसायचा. बाकी सगळं गाव मातीवर, तो एकटा खुर्चीवर. पडद्यावर निळूभाऊ हसले की तोही मांडीवर थाप मारून हसायचा. मागनं बायकांच्या शिव्या यायच्या. त्या नटाला आहेत असं सगळेच धरून चालायचे, तोही.

पुष्कळ वर्षांनी, तो माणूस वारल्यावर, मी चुलतीला एकदा विचारलं, 'काकी, तुला त्या निळू फुल्यांचा एवढा राग का गं यायचा?' ती म्हणाली, 'कुठला निळू फुले? म्या तर म्होरं खुर्चीत बसल्याला त्याला शिव्या देत हुते.'

हे ऐकल्यापासून मी त्या सिनेमांकडं निराळ्या नजरेनं बघतो. बाईला गावात तोंड उघडता येत नव्हतं, ते तंबूतल्या अंधारात उघडता येत होतं. निळूभाऊंनी आपलं तोंड त्या शिव्यांसाठी उसनं दिलं होतं म्हणा ना. पण दुसरी बाजूही बोलली पाहिजे. शिव्या देऊन झाल्या, मन हलकं झालं, आणि सकाळी त्याच बायका त्याच रानात खुरपं घेऊन गेल्या. तंबूतली शिवी तंबूतच राहिली. त्या सिनेमांचा दोष मला इथं दिसतो. त्यांनी पाटलाचं सगळं पाप त्याच्या मिशीत आणि नजरेत ठेवलं. शेवटी हिरो येऊन त्याला बडवायचा नाहीतर पोलीस न्यायचे, की सगळं आबादीआबाद. सोसायटीची वही कुणी उघडली नाही. कर्ज कुणाला मिळालं, कुणाचं अडलं आणि कशासाठी अडलं, हे विचारलं नाही. एका माणसाचा राग करायला लावला, पण त्याच्या हातात एवढी सत्ता आली कुठून, ते दाखवलं नाही.

ते दाखवणारा एक सिनेमा मात्र निघाला, आणि त्यातही निळूभाऊच होते. १९७५ चा 'सामना'. जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, लिहिलेला विजय तेंडुलकरांनी, आणि समोर डॉ. श्रीराम लागू. निळूभाऊ त्यात हिंदुराव धोंडे पाटील. साखर कारखाना हातात, सगळा मुलूख हातात. गावात एक दारुडा मास्तर येऊन पडतो. हिंदुराव त्याला घरी आणून ठेवतो, त्याची बडदास्त राखतो. आणि तो मास्तर मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढं काय झालं, हे विचारत सुटतो. मी तो टीव्हीवर बघितला, तेव्हा घरात माझ्याशिवाय कुणी शेवटपर्यंत बसलं नाही. चुलतीनं तर शिव्याही दिल्या नाहीत. का? कारण या हिंदुरावाला शिवी देणं सोपं नाही. त्यानं मुलूख उभा केलाय, त्याचा त्याला अभिमान आहे. मास्तरवर त्याचा जीवही जडलाय. आमच्या सातारा-सांगलीच्या माणसाला हे लगेच कळतं. कृष्णाकाठच्या कारखान्यांनी ऊसवाल्याच्या घरावरचं गवत जाऊन पत्रा आला, पत्रा जाऊन स्लॅब आला, हे खोटं नाही. पोरं कॉलेजात गेली, हेही खोटं नाही. आणि त्याच माणसांपुढं बोलायची सोय नव्हती, हेही खोटं नाही. तिन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर दाखवायच्या, हे काम निळूभाऊंनी केलं. तंबूतले त्यांचे सिनेमे बघून राग यायचा. 'सामना' बघून राग कुणावर काढायचा ते कळत नाही. माझ्या मते ते जास्त मोठं काम आहे.

मग १९७९ ला 'सिंहासन' आला. जब्बार पटेलांचाच, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा. त्यात हेच निळूभाऊ दिगू टिपणीस नावाचे पत्रकार. ना मिशीला पीळ, ना नजरेत लाळ. राजकारण जवळून बघून बघून आतनं मोडत चाललेला साधा माणूस. पण हे सिनेमे आमच्या जत्रेच्या तंबूत आले नाहीत. तंबूवाल्याला गल्ला पाहिजे, आणि गल्ला वाड्यावरच्या पाटलाला होता. म्हणजे ज्या बायकांनी निळूभाऊंना सगळ्यात जास्त शिव्या दिल्या, त्यांना हा माणूस अर्धाच बघायला मिळाला.

खरा माणूस तर त्याहून लांबचा. राष्ट्र सेवा दलात वाढलेले, पुण्यात सैन्याच्या वैद्यकीय कॉलेजात माळी म्हणून काम केलेले, पुस्तकं वाचणारे. आमच्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाला डॉ. लागू आणि निळूभाऊ दोघांनीही साथ दिली. १३ जुलै २००९ ला ते गेले, तेव्हा आमच्या गावात चावडीवर जो तो हळहळत होता. ज्यांनी बोटं मोडली होती त्या म्हाताऱ्यासुद्धा म्हणाल्या, 'चांगला हुता की.' म्हणजे नट वेगळा आणि त्यानं केलेलं सोंग वेगळं, हे त्यांना पहिल्यापासून कळत होतं. खेड्यातल्या माणसाला पडदा आणि खरं यातलं कळत नाही, असं शहरातले लोक हसून सांगतात. आमचा मुलूख तर शूटिंगचा. वाईच्या घाटावर, मेणवलीला, आमच्या टेबललँडवर कायम कुणी ना कुणी कॅमेरे लावून बसलेलं. २००३ चा 'गंगाजल' बिहारातला, पण वाई त्यात बिहार झाली. 'तारे जमीन पर'मधली २००७ ची शाळा आमच्या पाचगणीतलीच. पडद्यावर मुडदे पाडणारा माणूस छत्रीखाली बसून चहात बिस्कीट बुडवताना आम्ही बघितलाय. आम्हांला सोंग कळतं. तरीही 'बघवत नाही' म्हणतो, ते सोंगाच्या पाठीमागं जे खरं आहे त्याला म्हणतो.

इथवर मी बघणाऱ्याची बाजू घेतली. पण प्रत्येक वेळी बघणारा बरोबर असतो असं नाही. दुसरं नाव गणपत पाटलांचं.

तमाशापट म्हटला की नाच्या पाहिजे, आणि नाच्या म्हटला की कोल्हापूरचे गणपत पाटील. कमरेत वाकून, हात नाचवून, लाडिक आवाजात बोलणारे. ते आले की बाप्यांच्या बाजूनं शिट्ट्या पडायच्या, हसून हसून लोळण. आणि सिनेमा सुटल्यावर तेच बाप्ये तोंड वाकडं करून म्हणायचे, 'कसला माणूस हाय त्यो, बघवत नाय बाबा.' या माणसाला बायको होती, पोरंबाळं होती. कष्टानं नट झालेला संसारी माणूस. पण पडद्यावरचं ते सोंग त्यांच्या अंगाला असं चिकटलं, की रस्त्यानं चालतानाही लोकांनी त्यांना माणसासारखं वागवलं नाही. २००८ साली ते गेले. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीवरचा सिनेमा २०१० ला आला, तेव्हा पैलवानगडी नाच्या झाल्यावर त्याचं काय होतं, ते बघून लोक रडले. ज्यांनी जन्मभर हे खरंच सोसलं, त्यांच्यासाठी कोण रडलं होतं, असा प्रश्न मला तेव्हा पडला.

निळूभाऊंचा राग आणि गणपत पाटलांचा तिटकारा या दोन्हींत फार फरक आहे. निळूभाऊंच्या माणसानं काहीतरी केलेलं असायचं. बाई नासवली, जमीन लुबाडली, माणूस मारला. राग त्या करणीचा होता. गणपत पाटलांच्या नाच्यानं कुणाचं काय केलं होतं? तो फक्त तसा चालायचा आणि तसा बोलायचा. बघवत नव्हतं ते त्याचं असणं. आणि हे तंबूत राहिलं नाही. आमच्या वर्गात एक पोरगा होता, अंगानं नाजूक, चालणं जरा वेगळं. त्याला सगळे 'गणपत पाटील' म्हणायचे. शिक्षकसुद्धा गालात हसायचे. नववीत त्यानं शाळा सोडली, मुंबईला गेला, तो पुन्हा आला नाही. आईच्या मातीलाही आला नाही. बाईनं दिलेली शिवी तंबूतनं बाहेर येऊन चेअरमनच्या घरापर्यंत कधी गेली नाही, पण हे हसणं मात्र तंबूतनं थेट शाळेत गेलं. दुबळ्याच्या मागं लागायला वाट सोपी असते. यात नटाला मी दोष देत नाही. त्याला मिळालं ते काम त्यानं केलं, आणि चोख केलं. दोष लिहिणाऱ्यांचा आहे. इतक्या सिनेमांत त्या नाच्याला कुणी घर दिलं नाही, दुःख दिलं नाही, शहाणपणाचं एक वाक्य दिलं नाही.

खाष्ट सासूचं बघा. ललिता पवार या येवल्याच्या. तरुणपणी नायिका होत्या. १९४२ साली शूटिंगमध्ये भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला दुखापत झाली आणि एक डोळा कायमचा बारीक झाला. मग त्या डोळ्यावरच सिनेमावाल्यांनी सासू उभी केली. रामानंद सागरांच्या 'रामायण'मध्ये मंथरा झाल्या, तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीपुढं उदबत्ती लावणाऱ्या बायका त्यांना बघून दात खायच्या. पण त्याच बाईंनी १९५९ च्या 'अनाडी'त मायाळू मिसेस डिसा केली, आणि तोच डोळा तिथं प्रेमाचा दिसला. डोळा तोच, बघणं आमचं बदललं. नट बघवत नाही म्हणताना आपण त्याच्या अंगातलं काय धरून बसलोय, हे तपासायला हे एक उदाहरण पुरं आहे.

आता तिसरी तऱ्हा, आणि इथं शहर आणि खेडं यांचं पटत नाही. अलका कुबल. १९९१ चा 'माहेरची साडी', विजय कोंडक्यांचा. मूळ गोष्ट राजस्थानी सिनेमाची, पण मराठी बायकांनी ती आपली केली. जन्मताच आई गेली म्हणून बापानं पांढऱ्या पायाची ठरवलेली मुलगी, पुढं सासरी छळ. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका थेटरला गेल्या आणि पदर भिजवून आल्या. पुण्या-मुंबईचे आमचे पाहुणे तेव्हापासून आजवर म्हणतात, 'ती रडकी बाई बघवत नाही.' टीव्हीवर नकला करणारे तिच्या रडण्यावर अजून पोट भरतात.

मला ती चेष्टा कधी आवडली नाही. त्या बायकांना घरी रडायला जागा नव्हती. सासरी रडली तर 'घरात दळिद्र आणतीस का', आणि माहेरी रडली तर आईच्या जिवाला घोर. थेटरात तीन तास अंधार मिळायचा आणि शेजारी शंभर जणी रडत असायच्या. कोण कशासाठी रडतेय ते विचारणारं कुणी नव्हतं. अलकाताईंनी एवढ्या बायकांना रडायला जागा दिली, याची किंमत हसणाऱ्याला कळणार नाही. त्याच्या घरात रडायला वेगळी खोली असते.

पण माझी सून, खेड्यातलीच, बारावी शिकलेली, बचतगटाचा हिशेब ठेवणारी, तिलाही तो सिनेमा बघवत नाही. टीव्हीवर लागला की ती उठून जाते. मी तिला म्हटलं, 'सूनबाई, तूही शहरवाल्यांसारखं म्हणायला लागलीस का?' ती म्हणाली, 'आबा, ती रडते म्हणून मला राग येत नाही. दाराला आतनं कडी आहे, ती काढून ती बाहेर का येत नाही, म्हणून राग येतो. आणि सिनेमावाले तिला बाहेर येऊच देत नाहीत.'

शहरातल्या पाहुण्याचं 'बघवत नाही' आणि माझ्या सुनेचं 'बघवत नाही', शब्द तेच आहेत. पाहुण्याला रडणाऱ्या बाईची अडचण होते. सुनेला रडवणाऱ्या गोष्टीची अडचण होते. त्या सिनेमाची एवढी नेमकी समीक्षा मी कुठं वाचलेली नाही. सोसणारी तीच चांगली, हे त्या सिनेमानं बायकांच्या गळी उतरवलं, हा त्याचा खरा दोष. नटीचं रडणं हा दोष नव्हे. ती जे करत होती त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर बायका रडल्या.

दादा कोंडक्यांची तऱ्हा आणखी निराळी. १९७१ च्या 'सोंगाड्या'पासून त्यांनी थेटरं भरली. आमचे वडील एकट्यानं बघायचे आणि आठवडाभर हसायचे. पण घरची माणसं शेजारी असली, की तेच वडील म्हणायचे, 'हा वंगाळ माणूस, बघवत नाही.' इथं बघवत नाही म्हणजे तुमच्यादेखत बघवत नाही. हाफ पँटीची नाडी लोंबवणाऱ्या त्या भोळ्या गड्यानं आमच्या घराघरातली लाज कुठं लपवलेली आहे ते दाखवून दिलं. त्यातलं काही काही खरंच उथळ होतं, मुद्दाम टाकलेलं होतं. पण लाज आमची, आणि वंगाळ तो, हा न्याय काही बरोबर नाही.

आता नातवाच्या मोबाईलवर बघतो, तर रोज एक नवा नट कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात जात असतो. कुणाचं नाक आवडत नाही, कुणाचा बाप मोठा म्हणून तो आवडत नाही, कुणाचं बोलणं गावठी म्हणून आवडत नाही. शेवटचं ऐकलं की मी कान टवकारतो. एखादा पोरगा आमच्यासारखं बोलतो म्हणून बघवत नसेल, तर तो राग त्या पोरावर नाही, आमच्यावर आहे.

म्हणून नातवाला मी एकच सांगतो. नावड असावी, त्यात पाप नाही. सगळीच भाजी सगळ्यांना आवडत नाही. पण 'बघवत नाही' म्हणण्याआधी जरा विचार कर. त्या माणसानं केलेलं काही तुला बघवत नाही, की तो जसा आहे तसा बघवत नाही, की त्याला बघून स्वतःचं काही दिसतं ते बघवत नाही? पहिलं असेल तर खुशाल शिवी दे, पण ती पुढच्या खुर्चीपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं दे. दुसरं असेल तर गप बस. आणि तिसरं असेल तर सिनेमा अर्ध्यात बंद करू नकोस, शेवटपर्यंत बघ.